एक फोन अजून चालू आहे

"अर्लांग येते तुम्हाला?" उपाध्ये साहेबांनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले.

"नाव तरी ऐकलंय?"

"परवा ऐकलं. तुमच्या जाहिरातीत."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मुलाखतीला आलेली मी एकटीच होते, त्यामुळे मला लगेच हाकलणं त्यांना परवडणारं नव्हतं. मग अर्ज का केलात, असं त्यांनी शांतपणे विचारलं. मीही खरं काय ते सांगून टाकलं. जाहिरातीत वयाची अट नव्हती, आणि 'नोकरीत खंड पडलेला चालणार नाही' हे वाक्यही नव्हतं. माझं वय एकोणचाळीस. लग्नाआधी आणि नंतर मिळून सहा वर्षं मी पुण्यात 'जावा' या दुसऱ्या कॉम्प्युटर-भाषेत काम केलेलं, आणि मग आठ वर्षं सांगलीत घरी. सासूबाईंना अर्धांग झालं, त्यांचं सगळं अंथरुणात. त्या गेल्या तेव्हा मी पुन्हा अर्ज करायला घेतले आणि माझ्या लक्षात आलं की जगाच्या लेखी मीही आठ वर्षांपूर्वीच गेलेली आहे.

कोपऱ्यात एक म्हातारे गृहस्थ भिंगातून कसला तरी कागद वाचत बसले होते. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, कपाळावर आठ्या. हे मगदूम काका. तेवीस वर्षं टेलिफोन खात्यात काढून निवृत्त झालेले, आणि या कंपनीची अख्खी यंत्रणा एकट्यानं लिहिलेले. कागदावरून डोळे न उचलता ते म्हणाले, "बाई, समजा जुन्या टेलिफोन एक्स्चेंजात वीस ऑपरेटर बायका बसल्यात. एकीला घेरी आली. काय करशील?"

"दुसरीला तिच्या खुर्चीत बसवीन. मग हिला बाहेर नेऊन पाणी देईन आणि घेरी का आली ते विचारीन."

"आणि बाकीच्या एकोणीस?"

"त्यांना कळायचं कारणच काय?"

काकांनी भिंग खाली ठेवलं आणि साहेबांकडे बघून मान हलवली. मी कामाला लागले ती अशी. तीन महिने बोलीवर, जमलं तर कायम.

काम काय ते सांगते. आमचं ऑफिस सांगलीत, आणि मिरजेत एका हॉलमध्ये चाळीस सिस्टर्स बसायच्या. सांगली-मिरजेच्या आसपासचे तालुके आणि पलीकडचा कर्नाटकातला काही भाग, इथला कुणीही एक फुकटचा नंबर फिरवायचा आणि त्याला सिस्टर मिळायची. साप चावला, छातीत कळ आली, पोरानं नाणं गिळलं, काहीही. ती काय करायचं ते सांगायची आणि लागली तर ॲम्ब्युलन्स धाडायची. आलेला प्रत्येक फोन मोकळ्या सिस्टरला जोडायचा आणि फोन करणाऱ्याचा नंबर तिच्या पडद्यावर दाखवायचा, एवढंच आमचं सॉफ्टवेअर करायचं. पण ते सहा वर्षांत एकदाही बंद पडलं नव्हतं. दुरुस्तीसाठीसुद्धा नाही. अर्लांग ही भाषा मुळात टेलिफोन एक्स्चेंजसाठीच तयार झालेली, आणि चालू यंत्रणा न थांबवता तिच्या पोटातलं बदलता येणं हे तिचं वैशिष्ट्य.

घरी कुणालाच हे कौतुकाचं वाटलं नाही. जाऊबाई म्हणाल्या, हे शिकून पुढं कुठं लागणार गं तू? त्यांचं चुकत नव्हतं. सांगली-कोल्हापूर पट्ट्यात ही भाषा वापरणारी दुसरी कंपनी नव्हती. ही नोकरी गेली असती तर शिकलेलं सगळं पाण्यात, आणि माझ्या अर्जावर आठ वर्षांच्या खंडाखाली तीन महिन्यांचा आणखी एक डाग. अजितनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, तोंडदेखलं 'कर की' म्हटलं. पण डबा भरताना बघून तो गालातल्या गालात हसायचा, पोरीनं भातुकली मांडल्यावर हसावं तसा. त्या हसण्याचा मला इतका राग यायचा की मी रोज पावणेनऊलाच घराबाहेर पडायचे.

पहिला महिना माझे हालच झाले. चाळीस वर्षं उजव्या हातानं जेवलेल्या माणसाला डाव्या हातानं पोळी तोडायला लावावं, तसं ते. पण खरा खटका उडाला तो वेगळ्याच गोष्टीवरून. काकांच्या यंत्रणेत प्रत्येक फोनसाठी एक वेगळा छोटासा प्रोग्रॅम उभा राहायचा. काका त्याला 'बाई' म्हणायचे. सगळ्या बायांवर लक्ष ठेवायला एक मुकादम. एखादी बाई अडखळली तर तिनं सरळ पडायचं आणि मुकादमानं त्याच क्षणी तिच्या जागी नवी उभी करायची. पडल्याची खूण म्हणून आमच्या मोठ्या पडद्यावर एक लाल ठिपका उमटायचा. दिवसाला तीस-चाळीस ठिपके सहज.

मला ते ठिपके बघवत नसत. जावात मी शिकले होते की काही बिनसलं तर ते पकडायचं, गिळायचं आणि काही झालंच नाही असं दाखवून पुढं जायचं. मी हळूच तसा कोड लिहायचे. काका भिंग लावून वाचायचे आणि खोडायचे.

"हे काय घातलंस?"

"काही चुकलं तर सांभाळून घेतंय ते."

"कुणी सांगितलं सांभाळायला? पडू दे तिला. पडली की निदान कळतं तरी."

हे ते मला आठवड्यातून दोनदा ऐकवायचे. मी 'हो काका' म्हणायचे आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच करायचे. आठ वर्षं घरात दुसरं काय केलं होतं मी? सासूबाईंचा संताप, अजितची चिडचिड, नणंदेचे टोमणे, सगळं सांभाळून घेतलं होतं. हाताला वळणच पडलं होतं तसं.

अडीच महिने झाले आणि दोन गोष्टी एकदम आल्या. काकांच्या दोन्ही डोळ्यांतला मोतीबिंदू पिकला, डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली, आणि त्यानंतर आपण कामावर येणार नाही असं काकांनी साहेबांना सांगून टाकलं. ज्या बाईला भाषा शिकून दहा आठवडे झालेत तिच्या जिवावर एवढा मोठा हॉल कसा ठेवायचा? त्यांनी पुण्याहून एक सल्लागार बोलावला. निखिल सरदेशमुख. बत्तीस-तेहेतीसचा, हुशार, बोलायला अदबशीर. त्याचं म्हणणं सरळ होतं. ही सगळी यंत्रणा जावात नव्यानं लिहू, त्यासाठी पुण्यात हवी तेवढी माणसं मिळतात, एका मगदूमांवर किंवा एका शेटे मॅडमवर अवलंबून राहायला नको. शेटे मॅडम म्हणजे मी. त्यानं हे माझ्यासमोरच सांगितलं, आणि साहेबांच्या जागी असते तर मलाही ते पटलं असतं.

ठरलं असं की माझ्या बोलीचा शेवटचा दिवस, गुरुवार, निखिल आमच्याकडे बसून घालवणार, सगळं काम बघणार आणि संध्याकाळी साहेबांना काय ते सांगणार. यंत्रणा बदलायची ठरली तर माझं काम संपलं. आणि योगायोग बघा, त्याच गुरुवारी सकाळी अकराला मिरजेत काकांचं ऑपरेशन.

त्या आठवड्यात टेलिफोन कंपनीचं पत्र आलं होतं. सीमेपलीकडून येणाऱ्या फोनचे नंबर गुरुवारी सकाळी साडेअकरापासून वेगळ्या पद्धतीनं येणार होते. नंबर वाचणारा कोड मी बदलला. पहिल्यांदाच काकांनी न तपासलेला. गुरुवारी दहा वाजता, निखिल आणि साहेब मागे उभे असताना, तो मी चालू यंत्रणेत लोड केला. एकही फोन तुटला नाही. निखिलच्या भुवया जराशा वर गेल्या. मी पदर खोचल्याच्या थाटात खुर्ची मागे सरकवली आणि तिघांसाठी चहा मागवला.

पावणेबारा वाजता निखिल मोठ्या पडद्यासमोर उभा होता. म्हणाला, "मॅडम, सकाळपासून एकही लाल ठिपका नाही. इम्प्रेसिव्ह."

माझ्या हातातला कप तसाच राहिला. एकही नाही? तीस-चाळीस पडणाऱ्या बाया आज दोन तासांत एकदाही पडल्या नाहीत?

मी आत जाऊन बघितलं. नऊ फोन नुसते संगीत ऐकत ताटकळत होते. एक अकरा मिनिटं, एक नऊ, एक आठ. सगळे सीमेपलीकडचे. माझा कोड त्यांचा नंबर वाचताना चुकत होता, आणि चुकला की ती चूक गिळून 'नंबर अज्ञात' असं लिहून त्या फोनला गपचूप बाजूला बसवत होता. तिथं त्याला कुणीही उचलणार नव्हतं. काका नाहीत म्हटल्यावर माझ्या हातानं पुन्हा तेच केलं होतं. सांभाळून घेतलं होतं.

मला कुणी विचारलेलं नव्हतं. पडद्यावर सगळं हिरवंगार होतं. मी मुकाट्यानं दुरुस्त केलं असतं तर त्या खोलीत कुणाला पत्ता लागला नसता, आणि खोटं कशाला बोलू, एक क्षण तो विचार आलाच. पण अकरा मिनिटं थांबलेल्या त्या माणसाच्या घरात काय चाललं असेल? मला स्वतःची शिसारी आली.

"साहेब, माझ्या हातून चूक झालीये," मी म्हणाले. "नऊ लोक खोळंबलेत. माझ्यामुळं."

साहेबांचा चेहरा उतरला. निखिल खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसला. मी ती सांभाळून घेणारी ओळ काढली, नंबर वाचायचा कोड सरळ केला आणि नवा कोड लोड केला. त्या ताटकळणाऱ्या नऊ बायांना मुद्दाम पाडलं. अजून सिस्टरशी न जोडलेला फोन मुकादमाला पुन्हा उभा करता येतो, लाईन तुटत नाही. पडद्यावर नऊ लाल ठिपके एकदम उमटले आणि ते नऊ फोन मिरजेच्या हॉलमध्ये वाजले. मी सुटकेचा श्वास सोडला, आणि तेवढ्यात मिरजेहून इंटरकॉम आला. नव्या फोनचे नंबर सिस्टर्सच्या पडद्यावर दिसेनात.

घाईत मी एक ओळ जास्त खोडली होती. फोन लागत होता, पण कुणाचा आहे ते दिसत नव्हतं. आणि नंबरावर नोंदलेला पत्ताच ॲम्ब्युलन्सला जायचा, त्यामुळे नंबर दिसल्याशिवाय तो देता येत नाही. सिस्टर्स तोंडी नंबर विचारत होत्या, आणि घरात माणूस तडफडत असताना कुणाला स्वतःचा नंबर धड आठवतो? दुरुस्ती एका ओळीची होती. मी ती लिहिली, बोट कळीवर नेलं, आणि थांबले.

"टाका की," साहेब म्हणाले.

"टाकता येत नाही, साहेब."

मी त्यांना भराभर सांगितलं. ही यंत्रणा एका कोडच्या फक्त दोन प्रती सांभाळते, एक चालू आणि एक तिच्या आधीची. आधीच्या प्रतीवर सुरू झालेले फोन तिच्यावरच पुरे होतात. पण तिसरी प्रत आली की सर्वांत जुनी पुसली जाते, आणि तिच्यावर अजून कुणी बोलत असेल तर तो फोन तुटतो. दहा वाजता टाकलेल्या प्रतीवर सुरू झालेले एकतीस फोन अजून चालू होते. ते बारा वाजण्याआधी लागलेले, सिस्टरशी व्यवस्थित जोडलेले, आपापलं बोलणं चाललेले लोक होते.

"एकतीस तुटतील?" साहेबांनी विचारलं.

"हो. पण आपला फोन सरासरी चार मिनिटांचा असतो. थोडं थांबू."

आम्ही थांबलो. तिकडं दर मिनिटाला पाच-सहा नवे फोन बिननंबराचे लागत होते. मी पडद्याच्या कोपऱ्यात जुन्या प्रतीवरचा आकडा लावून ठेवला. एकतीसचे बावीस झाले. बारा वाजता बारा. मग सात. मग तीन. मग एक.

तो एक काही जाईना. तेवीस मिनिटं झाली होती त्याला. चोवीस झाली. मिरजेच्या हॉलमधून दोनदा इंटरकॉम येऊन गेला, दुसऱ्यांदा ओरडाच होता. एका सिस्टरनं दोन आकडे चुकीचे ऐकले होते आणि ॲम्ब्युलन्स भलतीकडं गेली होती.

"मॅडम, हा कुणाचा तरी फोन चालूच राहिलाय," निखिल हळू आवाजात म्हणाला. "कट्ट्यावर वगैरे ठेवून विसरला असेल. चोवीस मिनिटं कोण बोलतं? आणि खरंच बोलत असला तरी तो परत लावेल. इकडं पन्नास लोकांचा प्रश्न आहे."

कोण आहे ते बघता आलं असतं. कुठल्या सिस्टरकडं आहे, काय चाललंय, इंटरकॉमवर विचारता आलं असतं. पण काकांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं की लाईनीच्या माणसानं फोनवर कोण आहे ते कधी विचारू नये. "विचारलंस की निवडायला लागशील," ते म्हणाले होते. "हा तोडायचा, तो ठेवायचा. तो आपला अधिकार नव्हे."

"टाका," साहेब म्हणाले. आवाज चढवला नव्हता, पण तो हुकूम होता. "मी सांगतोय. जबाबदारी माझी."

माझं बोट कळीवर होतं. निखिलचं म्हणणं बरोबर होतं, साहेबांचंही बरोबर होतं. कळ दाबली असती तर मला कुणी बोल लावला नसता. नोकरीच्या शेवटच्या दिवशी, स्वतःची चूक पदरात असताना, मालकाचा शब्द मोडायला मी काही कुठली शूर बाई नव्हते. मी उभ्या आयुष्यात कुणाला 'नाही' म्हटलेलं मला आठवत नव्हतं.

"नाही टाकणार," मी म्हणाले आणि हात मांडीवर घेतला.

"मॅडम."

"साहेब, संध्याकाळी मला काढा. आत्ता मला पाच मिनिटं द्या."

मी पडद्याकडं बघत बसले. तिसऱ्या प्रतीला जागा नाही. का नाही? कारण तिन्हींचं नाव एक. एका नावाच्या दोनच प्रती, हा नियम. नाव एक म्हणून. मी ते मनाशी दोनदा म्हटलं आणि मला एकदम हसूच फुटलं. साहेबांना वाटलं असणार, बाईचं डोकं फिरलं.

मग तिसरीला तेच नाव द्यायचं कशाला?

मी अख्खा कोड उचलून नव्या फाइलमध्ये ओतला, ती राहिलेली ओळ घातली, आणि वर नाव काय द्यायचं ते सुचेना म्हणून माहेरचं स्वतःचंच नाव ठोकून दिलं. वैजू. यंत्रणेला हा निराळाच कोड. जुन्याला धक्का लावायचं तिला काही कारणच उरलं नाही. आता नवे फोन फक्त या वैजूकडं धाडायचे होते. ते काम दारावरच्या एका छोट्या प्रोग्रॅमचं, जो फोन घेतो आणि आत सोपवतो. त्याला वर्षभरात कुणी हात लावला नव्हता, म्हणजे त्याच्या नावावर दुसऱ्या प्रतीची जागा मोकळी होती, आणि जुन्या प्रतीवर अडकून राहण्यासारखं त्यात काही नव्हतं. मी त्यातला एक शब्द बदलला. एकेक अक्षर मोठ्यानं वाचत टाइप केलं.

"एक मिनिट," निखिल म्हणाला. तो माझ्या खांद्यावरून वाचत होता. त्यानं बोट ठेवून पहिल्यापासून ओळ न् ओळ बघितली आणि एका ठिकाणी थांबून विचारलं, हे असंच हवं ना. मी हो म्हटलं. त्यानं बोट काढलं. "टाका," तोही म्हणाला, पण हा 'टाका' वेगळा होता.

मी कळ दाबली.

पडद्यावर काही झालं नाही. कोपऱ्यातला आकडा होता तिथंच होता. एक. मी इंटरकॉम उचलून मिरजेला विचारलं. तिकडून आवाज आला, "आता दिसतायत. सगळे दिसतायत." साहेब खुर्चीत बसले आणि त्यांनी रुमालानं मान पुसली. चालू असलेल्या वीस-पंचवीस फोनांपैकी एकही तुटला नव्हता. एक जुन्या प्रतीवर, काही मधल्या प्रतीवर, नवे सगळे वैजूवर. तीन घरं, आणि तिन्ही आपापली शांत चाललेली.

तो एक फोन पुढं आणखी अर्धा तास चालला. आमच्यापैकी कुणीही जागचं हललं नाही. जेवणाचे डबे तसेच राहिले. बारा वाजून बावन्न मिनिटांनी कोपऱ्यातला एक गेला आणि शून्य आलं. आपसूक आलं. कुणी तोडलेलं नाही, बोलणं संपलं म्हणून आलं. निखिलनं चक्क टाळी वाजवली आणि मग स्वतःच ओशाळला.

त्यानं संध्याकाळपर्यंत वाट बघितली नाही. तिथल्या तिथं साहेबांना म्हणाला, "सर, हे जे आत्ता झालं ना, ते मी तुम्हाला जे विकणार होतो त्यात करता येणार नाही. मी पाच मिनिटं बंद केलं असतं. मला दुसरा इलाजच नसता." साहेबांनी विचारलं, मग माझ्याविषयी काय? निखिल म्हणाला, "यांनी चूक केली, ती कुणी न विचारता सांगितली, आणि तुम्ही सांगितलेलं ऐकलं नाही. मी असतो तर सोडलं नसतं अशा माणसाला." साहेबांनी खण उघडला, मला कायम केल्याचं पत्र बाहेर काढलं. आधीच टाईप करून ठेवलेलं होतं. काढून टाकायचंही एक ठेवलेलं असणार, पण ते मी कधी विचारलं नाही.

पाच वाजता मिरजेहून इंटरकॉम आला. सिस्टर रूथ वायदंडे. त्यांना तक्रार नोंदवायची होती. दुपारी काही वेळ बाकीच्या सिस्टर्सना नंबर दिसत नव्हते, जरा बघा. "बाकी लाईन आज चांगली होती हो," त्या म्हणाल्या. "मला तर फारच भीती होती, मध्येच तुटते की काय."

मी विचारलं नाही. त्या आपणहून सांगत गेल्या. जयसिंगपूरच्या बाहेर एका नव्या कॉलनीतून फोन आला होता. एका माणसानं लावला, छातीत दुखतंय म्हणाला आणि पडला. मग फोन त्याच्या सासूनं उचलला. म्हातारी अथणीकडची, लेकीकडं दोन दिवसांपूर्वी आलेली. तिला फक्त कन्नड. लेक नोकरीवर. नंबरावर नोंदलेला पत्ता जुन्या घराचा, आणि म्हातारीला या घराचा पत्ता माहीत नाही, गल्ली माहीत नाही. सिस्टर रूथना कन्नड येत होतं, म्हणून त्या तिच्याशी बोलत राहिल्या. खिडकीतून काय दिसतं, उजवीकडं काय, टाकी कुठल्या रंगाची. तासभर. त्या एकेक खूण ॲम्ब्युलन्सला कळवत राहिल्या, आणि बोलता बोलता जावयाला कसं निजवायचं, काय द्यायचं ते म्हातारीला सांगत राहिल्या.

"पण तुटला असता तर तुम्ही उलट लावला असता ना?" मी विचारलं.

"लावला असता हो. पण तो तसला बोटानं सरकवायचा फोन होता. मला म्हणाली, बाई, तू ठेवू नकोस, हा वाजला तर घ्यायचा कसा ते मला येत नाही." मग सिस्टरनी सांगितलं, "पोचली गाडी. माणूस वाचला. आत्ताच हॉस्पिटलातून कळलं. तेवढं ते नंबरचं बघा मात्र."

मी बघते म्हटलं. रिसीव्हर ठेवला आणि मागच्या जिन्यात जाऊन मनसोक्त रडले. आनंदानं माणूस इतकं रडतं हे मला तोवर माहीत नव्हतं. तोंड धुऊन आले तेव्हा साहेबांनी मला घरी सोडायला गाडी काढली होती. मी त्यांना आधी मिरजेला चला म्हटलं.

डोळ्यांवर पांढरी पट्टी बांधलेले काका हॉस्पिटलातल्या खाटेवर उताणे पडले होते. चाहूल लागताच त्यांनी विचारलं, "कोण, वैजयंती? किती तुटले?"

"एकही नाही, काका."

"मग आलीस कशाला?"

मी खाटेच्या कडेला बसून त्यांना पहिल्यापासून सगळं सांगितलं. सांभाळून घेतलं तेही सांगितलं. त्यांनी तोंड वाकडं केलं. दोन प्रती भरल्या होत्या आणि एक फोन चालू होता, तिथवर आले तेव्हा ते कोपरावर उठायला बघू लागले. सिस्टरनं त्यांना परत झोपवलं.

"मग तिसरी कुठं घातलीस? जागा नव्हती की."

"नाव बदललं. निराळ्या नावानं घातली, आणि दारावरच्याला सांगितलं की आता हिच्याकडं धाड."

पट्टीच्या वर काकांच्या कपाळावर आठ्या पडलेल्या मला दिसत होत्या. ते ती सगळी यंत्रणा मनातल्या मनात चालवून बघत होते, कुठं अडतं का ते शोधत होते. त्यांना ते सापडलं नाही. मग आठ्या एकेक करून सुटल्या आणि त्यांनी चादरीवरून हात पुढं करून माझं मनगट चाचपून धरलं.

"हे मला नसतं सुचलं," ते म्हणाले.